गिनीपिगला लागू पडलं, माणसाला?

१९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काही गिनीपिगांना हिस्टामिनची इतकी मोठी मात्रा टोचली गेली, की त्यातला एकही जगायला नको होता. हिस्टामिन शरीरात गेलं की गिनीपिगच्या श्वासनलिका आवळतात, तो धापा टाकू लागतो, आत गेलेली हवा बाहेर पडत नाही आणि काही मिनिटांत फुगलेल्या फुप्फुसांनिशी तो गुदमरतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ होतं. या वेळी मात्र प्राण्यांना आधी दुसरं एक रसायन दिलं होतं. त्याला धड नावही नव्हतं, नुसता क्रमांक होता: ९२९ एफ. ‘एफ’ हे प्रयोगशाळेचे प्रमुख एर्नेस्ट फुर्नो यांच्या आडनावाचं आद्याक्षर. हे रसायन मिळालेले गिनीपिग वाचले.

प्रयोग करणारे दोघं होते. डॅनिएल बोव्हे हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले, तिशीत पोचलेले संशोधक, आणि आन-मारी स्टॉब ही विशीतली त्यांची सहकारी. त्यांचा तर्क सरळ होता. शरीरातल्या अ‍ॅसिटिलकोलीनचा परिणाम अ‍ॅट्रोपिन अडवतं, हे माहीत होतं. अ‍ॅड्रेनलिनला अडवणारी रसायनं तर फुर्नो यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाली होती. मग हिस्टामिनला अडवणारं काहीच का नसावं? ९२९ एफ विषारी निघालं, माणसाला ते देता आलं नाही. पण हिस्टामिन अडवता येतं, एवढं त्याने दाखवून दिलं. आज घरोघरी औषधांच्या डब्यात असणाऱ्या अविल आणि सेट्रिझिनची वंशावळ तिथवर मागे जाते.

या वंशावळीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अ‍ॅलर्जीची औषधं आधी प्राण्यांवर पारखली गेली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रत्येक प्राण्याची अ‍ॅलर्जी निराळी असते. त्यामुळे शास्त्रज्ञांनी कोणता प्राणी निवडला, यावरून माणसाच्या कोणत्या आजाराला आधी औषध मिळालं आणि कोणत्या आजाराला पन्नास-साठ वर्षं वाट पाहावी लागली, हे ठरत गेलं.

नेपच्यून नावाचा कुत्रा

सुरुवात झाली समुद्रावर. १९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. फिसालिया या डंख मारणाऱ्या समुद्री जिवाचं विष त्यांना अभ्यासायचं होतं. पॅरिसला परतल्यावर फिसालिया मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलाच्या विषावर काम चालू ठेवलं. कुत्र्यांना थोडंथोडं विष देत गेलं तर लसीप्रमाणे त्यांची सहनशक्ती वाढेल, अशी अपेक्षा होती.

नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिल्या इंजेक्शनने काहीच झालं नाही. तीन आठवड्यांनी, तो ठणठणीत असताना, तेवढीच मात्रा पुन्हा दिली. काही सेकंदांत त्याला धाप लागली, उभं राहवेना, रक्ताची उलटी झाली आणि २५ मिनिटांत तो मेला. शरीराने संरक्षण शिकण्याऐवजी भलतंच काही शिकून ठेवलं होतं. रिशे यांनी या प्रकाराला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हटलं आणि १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. कुत्रा नेमका कशाने मेला, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

उत्तराचा पहिला धागा लंडनमध्ये सापडला. वेलकम प्रयोगशाळेत हेन्री डेल हे राय धान्यावर वाढणाऱ्या अरगट बुरशीचे अर्क तपासत होते. त्यात त्यांना हिस्टामिन मिळालं. १९१० मध्ये डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी ते वेगवेगळ्या प्राण्यांना टोचून पाहिलं. रक्तदाब कोसळणं, श्वासनलिका आवळणं, सगळं अ‍ॅनाफिलॅक्सिससारखंच दिसत होतं. पण बुरशीत सापडलेलं रसायन प्राण्याच्या अंगात असतं, हे सिद्ध कुठे झालं होतं? ते व्हायला १९२७ उजाडलं. त्या वर्षी डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताज्या फुप्फुसांतून आणि यकृतातून हिस्टामिन वेगळं काढलं. ते शरीरात साठवलेलंच असतं आणि अ‍ॅलर्जीच्या वेळी बाहेर सांडतं.

हा साठा कुठे असतो, ते पुढे कळलं. त्वचा, नाक, श्वासनलिका आणि आतडी यांच्या अस्तरात मास्ट पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनचे कण भरलेले असतात. १९६० च्या दशकात आयजीई नावाचं प्रतिपिंड सापडलं आणि साखळी पूर्ण झाली. पहिल्या भेटीत शरीर परागकणाविरुद्ध किंवा शेंगदाण्यातल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई बनवतं. ते मास्ट पेशींवर जाऊन बसतं. दुसऱ्या भेटीत तेच प्रथिन या प्रतिपिंडांना येऊन चिकटलं, की पेशी आपला साठा ओतून मोकळी होते. नेपच्यूनला तीन आठवड्यांनी जे झालं, त्याच्या मुळाशी हीच ‘दुसरी भेट’ होती.

रुमाल टाकून धरलेली जागा

सांडलेलं हिस्टामिन आपणहून काही करत नाही. रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि श्वासनलिकेचे स्नायू यांच्या पेशींवर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. हिस्टामिन त्यांत जाऊन बसलं, की पेशीला आत इशारा मिळतो. रक्तवाहिनी पाझरू लागते आणि अंगावर गांधी उठतात. मज्जातंतू चेतवला जातो आणि खाज सुटते. स्नायू आवळतो आणि श्वास कोंडतो. अँटिहिस्टामिन औषध हिस्टामिन नष्ट करत नाही. गर्दीच्या एसटीत कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं ते रिसेप्टरवर आधीच जाऊन बसतं. रुमालाला कुठे जायचं नसतं, पण तो आहे तोवर दुसऱ्याला बसता येत नाही. म्हणून हे औषध आधी घेतलं तर उत्तम काम करतं. हिस्टामिन एकदा बसून आपलं काम करून गेलं, की मग तितकं उपयोगी पडत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये, बर्नार हॅल्पर्न यांनी १९४२ मध्ये अँटरगॅन हे माणसाला देता येण्याजोगं पहिलं अँटिहिस्टामिन पुढे आणलं. १९४४ मध्ये बोव्हे यांच्या गटाने मेपिरामिन दिलं. तिकडे अमेरिकेत जॉर्ज रिव्हशल स्नायू सैल करणारं औषध शोधत होते. त्यांच्या हाती १९४३ मध्ये डायफेनहायड्रामिन लागलं. १९४६ पासून ते बेनाड्रिल नावाने विकलं जाऊ लागलं. पुढे १९५७ मध्ये बोव्हे यांना नोबेल मिळालं.

या औषधांनी शिंका थांबल्या, पित्ताच्या गांधी ओसरल्या आणि माणसं पेंगू लागली. हिस्टामिन मेंदूला जागं ठेवण्याचंही काम करतं आणि जुनी औषधं मेंदूपर्यंत पोचत. ही पेंग काही संशोधकांना इतकी महत्त्वाची वाटली, की अँटिहिस्टामिनच्याच रासायनिक कुळातून फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन तयार झालं. १९५२ पासून मनोविकारांच्या उपचारांत ते वापरात आलं. गिनीपिगच्या दम्यापासून निघालेली वाट अशी मनोरुग्णालयात पोचली. सेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही पुढची पिढी मेंदूत कमी शिरते, म्हणून पेंगही कमी आणते.

एक आजार मात्र या औषधांना बधला नाही: दमा.

गिनीपिग का फसवा निघाला

ज्या प्राण्याचा दमा थांबवून ही औषधं जन्मली, त्याच्याशी मिळताजुळता माणसाचा दमा ती का थांबवू शकली नाहीत?

अ‍ॅनाफिलॅक्सिस प्रत्येक प्राण्याला वेगळ्या जागी गाठतो, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून दिसत होतं. गिनीपिग श्वासनलिका आवळून मरतो. सशाच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात आणि त्याचं हृदय हार खातं. कुत्र्याच्या यकृतातल्या शिरा आवळल्या जाऊन रक्त तिथेच तुंबतं. छोटे उंदीर तर हिस्टामिनला फारसे जुमानतच नाहीत; गिनीपिगला मारणारी मात्रा ते सहज पचवतात. थोडक्यात, गिनीपिगच्या श्वासनलिका हिस्टामिनच्या बाबतीत कमालीच्या हळव्या. हिस्टामिनविरोधी औषध शोधायला याहून सोयीचा प्राणी नव्हता. पण हिस्टामिन अडवलं की दमा थांबेल, ही आशा लावणाराही तोच.

गंमत अशी, की गुंता सोडवणारा पुरावाही गिनीपिगच्याच फुप्फुसात दडलेला होता. १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत विल्हेल्म फेल्डबर्ग आणि चार्ल्स केलावे हे नागाच्या विषाचा परिणाम पाहत होते. विष दिलेल्या गिनीपिगच्या फुप्फुसातून हिस्टामिन तर बाहेर पडलंच, पण सोबत आणखी काहीतरी होतं, जे चाचणीसाठी वापरलेल्या आतड्याच्या पट्टीला सावकाश आणि बराच वेळ आवळत राहायचं. १९४० मध्ये केलावे आणि ट्रेथवी यांना तेच द्रव्य अ‍ॅलर्जी झालेल्या गिनीपिगच्या फुप्फुसातही सापडलं. रचना कळत नव्हती, म्हणून त्याला ‘सावकाश क्रिया करणारं द्रव्य’ एवढंच म्हणत.

इथे अँटिहिस्टामिन वेगळ्याच कामाला आलं. इंग्लंडमध्ये ब्रोकलहर्स्ट यांनी आतड्याच्या पट्टीवर आधी मेपिरामिन टाकून हिस्टामिनचा परिणाम पुसून टाकला. त्यानंतरही पट्टी आवळत राहिली तर ते काम त्या दुसऱ्या द्रव्याचं, हे उघड होतं. दम्याच्या रुग्णांच्या फुप्फुसाच्या तुकड्यांतूनही ते बाहेर पडत होतं. औषध जिथे अपुरं पडलं, तिथूनच पुढच्या औषधाचा माग लागला.

जेम्स ब्लॅक यांनी जठराच्या बाबतीत असंच केलं. जुनी अँटिहिस्टामिनं हिस्टामिनमुळे सुटणारं जठरातलं आम्ल थांबवत नव्हती. याचा अर्थ तिथला रिसेप्टर वेगळा असला पाहिजे. १९७२ मध्ये ब्लॅक यांनी तो अडवून दाखवला आणि त्यातून आम्लपित्तावरचं सिमेटिडिन आलं. हिस्टामिनचे आज चार रिसेप्टर माहीत आहेत: एच१ ते एच४.

सावकाश क्रिया करणाऱ्या द्रव्याची रचना उलगडायला ४० वर्षं लागली. १९७९ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट मर्फी, स्वेन हॅमरस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांनी उंदराच्या मास्ट पेशींच्या गाठीतून ते मिळवलं आणि त्याला ल्युकोट्रायीन हे नाव दिलं. त्याचा रिसेप्टर अडवणारी झाफिरल्युकास्ट आणि मॉन्टेल्युकास्ट ही औषधं अनुक्रमे १९९६ आणि १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. मॉन्टेल्युकास्ट आणि लेव्होसेट्रिझिन एकत्र असलेली गोळी आता भारतात कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. दोन वेगवेगळे रिसेप्टर अडवण्याचं ते चालतंबोलतं उदाहरण आहे. मात्र या गोळीला निरुपद्रवी समजू नये. मॉन्टेल्युकास्टमुळे काही रुग्णांत नैराश्य, चिडचिड, आत्महत्येचे विचार दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्याच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

उंदीर थंड पडतो तेव्हा

विसाव्या शतकाच्या शेवटी प्रयोगशाळेत गिनीपिगची जागा उंदराने घेतली. कारण सोपं होतं. उंदराचं एखादं जनुक काढून टाकता येतं, म्हणजे एखादा रिसेप्टर मुळातच नसलेला उंदीर जन्माला घालता येतो. औषधाने रिसेप्टर अडवला की नाही, ही शंकाच उरत नाही.

या प्रयोगांची पद्धत ठरलेली आहे. उंदराला अंड्याच्या पांढऱ्या भागातलं ओव्हालब्युमिन हे प्रथिन तुरटीच्या जातीच्या क्षारासोबत टोचतात आणि त्याची अ‍ॅलर्जी निर्माण करतात. काही आठवड्यांनी तेच प्रथिन पुन्हा देतात. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये उंदीर शिंकत नाही किंवा गिनीपिगसारखा गुदमरत नाही. त्याच्या अंगाचं तापमान काही अंशांनी खाली येतं, तो हालचाल थांबवतो. म्हणून तापमापी हेच मुख्य साधन. दुसऱ्या पद्धतीत त्वचेत प्रतिपिंड टोचून नंतर रक्तात निळा रंग सोडतात. रक्तवाहिन्या पाझरल्या की त्वचेवर निळा डाग उमटतो. औषध दिलेल्या प्राण्याचा डाग लहान आला, तर रिसेप्टर अडवला गेला असं समजतात.

उंदरांनी एक नवीच गोष्ट दाखवली. १९९८ मध्ये जपानमध्ये पीएएफ या चरबीसारख्या रेणूचा रिसेप्टर नसलेले उंदीर तयार झाले. त्यांच्यात अ‍ॅनाफिलॅक्सिस बराच सौम्य झाला. पीएएफचा शोध १९७२ चा. फ्रेंच शास्त्रज्ञ जाक बेनव्हेनिस्त यांनी तो लावला होता. २००२ मध्ये सिनसिनाटीच्या संशोधकांनी सिद्ध केलं, की उंदरात अ‍ॅनाफिलॅक्सिसचे दोन मार्ग आहेत: एक आयजीई, मास्ट पेशी आणि हिस्टामिनचा, दुसरा आयजीजी प्रतिपिंड, मॅक्रोफेज पेशी आणि पीएएफचा. नेहमीच्या प्रयोगांत बऱ्याचदा दुसराच मार्ग जोरात असतो.

या दोन मार्गांचा अर्थ काय, हे कॅनडात हॅमिल्टन इथल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या एका प्रयोगाने दाखवलं. २००९ मध्ये तिथल्या गटाने शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेले उंदीर तयार केले. काहींना फक्त हिस्टामिनचे रिसेप्टर अडवणारं औषध दिलं, काहींना फक्त पीएएफचा रिसेप्टर अडवणारं, तर काहींना दोन्ही. पीएएफ अडवल्याने आजार सौम्य झाला, पण दोन्ही एकत्र अडवल्यावर फरक ठळक होता. जीव धोक्यात घालणाऱ्या प्रतिक्रिया टळल्या.

माणसात पीएएफचं महत्त्व असण्याची चिन्हंही मिळाली. २००८ मध्ये टोरांटोच्या पीटर वादास आणि सहकाऱ्यांना दिसलं, की अ‍ॅनाफिलॅक्सिस जितका तीव्र, तितकं रुग्णाच्या रक्तात पीएएफ जास्त. तरीही निव्वळ पीएएफ अडवणाऱ्या औषधांनी दम्याच्या रुग्णांच्या चाचण्यांत निराशा केली. गिनीपिगने हिस्टामिनला जास्त महत्त्व दिलं होतं. उंदराने तीच चूक पीएएफच्या बाबतीत केली, असं म्हणता येईल.

सर्पदंश आणि एक जुनं अँटिहिस्टामिन

अनेक रेणू एकाच वेळी हल्ला करतात, तेव्हा एकच रिसेप्टर अडवून काय होतं, याचं उत्तर श्रीलंकेतल्या रुग्णालयांत मिळालं. सर्पदंशावरची प्रतिविषं घोड्याच्या रक्तापासून बनतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेच्या परिसरात हे काम अनेक दशकं चालू आहे. घोड्याचं प्रथिन माणसाच्या शरीराला परकं. त्यामुळे प्रतिविष देताना तीव्र प्रतिक्रिया येण्याची भीती असते आणि कित्येक डॉक्टर आधी अँटिहिस्टामिनचं इंजेक्शन देऊन ठेवत.

श्रीलंकेत १,००७ रुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिविषाआधी काहींना प्रोमेथाझिन हे अँटिहिस्टामिन, काहींना हायड्रोकॉर्टिझोन, काहींना अ‍ॅड्रेनलिनची अल्प मात्रा, काहींना नुसतं निष्क्रिय द्रव्य दिलं. अ‍ॅड्रेनलिनने तीव्र प्रतिक्रिया पहिल्या तासात ४३ टक्क्यांनी घटल्या. प्रोमेथाझिन आणि हायड्रोकॉर्टिझोनचा असा फायदा दिसला नाही.

कारण अ‍ॅड्रेनलिन कुठलीही जागा अडवत नाही. ते स्वतःच्या रिसेप्टरवर जाऊन उलट दिशेने काम करतं: रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका सैल करतं, मास्ट पेशींचं सांडणं कमी करतं. हल्ला हिस्टामिनचा आहे, ल्युकोट्रायीनचा की पीएएफचा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. घरात कुणाला मधमाशी चावून किंवा काही खाऊन अंगावर गांधी आल्या, सोबत श्वास कोंडला, घसा सुजला किंवा भोवळ आली, तर अविलच्या गोळीवर विसंबू नये. तिथे मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं, म्हणून ताबडतोब रुग्णालय गाठावं.

अँटिहिस्टामिनच्या आवाक्याबाहेरचं आणखी एक उदाहरण पुण्याचं आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात काँग्रेस गवत पहिल्यांदा नजरेत भरलं आणि पुढच्या काळात त्याच्या स्पर्शाने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर चट्टे उठू लागले. ती अ‍ॅलर्जी प्रतिकारशक्तीच्या टी पेशींची असते. हळूहळू, एक-दोन दिवसांनी उमटते. मास्ट पेशींच्या सांडण्यावर ती मुख्यतः अवलंबून नसते. म्हणून तिथे एच१ रिसेप्टर अडवून फारसं काही साधत नाही.

पेशींमधले निरोप

हिस्टामिन मिनिटांत काम करून जातं. पण दमा आणि त्वचेचा जुनाट इसब वर्षानुवर्षं चालू राहतो. तो चालवणारे रेणू म्हणजे पेशी एकमेकींना धाडतात ते निरोप: इंटरल्युकिन ४, ५, १३, ३१. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी उंदरात इंटरल्युकिन १३ ला अडवून श्वासनलिकेची चिडखोर वृत्ती कमी करून दाखवली. यासाठी त्यांनी रिसेप्टरचाच एक सुटा तुकडा रक्तात सोडला होता, जो इंटरल्युकिनला खऱ्या रिसेप्टरपर्यंत पोचण्याआधीच पकडून ठेवी.

इंटरल्युकिन ४ आणि १३ यांच्या रिसेप्टरचा एक भाग सामाईक आहे. तो अडवणारं ड्युपिलुमॅब हे प्रतिपिंड-औषध तीव्र इसबासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, नंतर दम्यासाठीही. ते ज्या उंदरांतून मिळवलं, त्यांच्या शरीरात प्रतिपिंडं बनवणारी माणसाची जनुकं बसवलेली होती. एकट्या इंटरल्युकिन १३ ला अडवणारी औषधं दम्यात कमी पडली, पण इसबात यशस्वी ठरली.

अपयशांची यादीही लांब आहे. एच४ रिसेप्टर अडवल्याने उंदरांची खाज झकास थांबायची. माणसावर मात्र इसबासाठीची एक चाचणी थांबवावी लागली, कारण दोन रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या. प्रोस्टाग्लँडिन डी२ या आणखी एका रेणूचा रिसेप्टर अडवणाऱ्या फेविपिप्रंटची प्राण्यांवरची आणि छोट्या चाचण्यांतली चिन्हं आशादायक होती; २०१९ मध्ये मोठ्या चाचण्यांत त्याने दम्याचे झटके अपेक्षेइतके कमी केले नाहीत.

इंटरल्युकिन ३१ ची कथा उलट दिशेने जाते. २००४ मध्ये कळलं, की हा रेणू जास्त बनवणारे उंदीर स्वतःला ओरबाडत राहतात. कुत्र्यांना तर माणसासारखाच इसब नैसर्गिकरीत्या होतो. म्हणून कुत्र्यांसाठीचं लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शन २०१६ च्या सुमारास बाजारात आलं; ते इंटरल्युकिन ३१ ला पकडतं. माणसात त्याच रेणूचा रिसेप्टर अडवणारं नेमोलिझुमॅब जपानमध्ये २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालं. या बाबतीत पाळीव कुत्र्यांना मालकांच्या आधी औषध मिळालं.

माणसाच्या पेशी अंगात वागवणारा उंदीर

प्राणी आणि माणूस यांतलं अंतर कमी करण्याचे दोन मार्ग सध्या चालू आहेत. पहिला, प्राण्यांचा वापर घटवण्याचा. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी प्राणी टाळा, संख्या कमी करा, वेदना कमी करा, अशी त्रिसूत्री मांडली. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती १९६४ पासून आहे. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरची चाचणी सक्तीची ठेवली नाही. २०२३ मध्ये भारतानेही नियमांत दुरुस्ती करून माणसाच्या पेशींपासून बनवलेल्या अवयव-चिपसारख्या पद्धतींना मान्यता दिली. दात्याच्या फुप्फुसाचे पातळ काप आणि रक्तातल्या बेसोफिल पेशी यांवर रिसेप्टर अडवणारी रसायनं पारखणं आता रुळलं आहे. पण रक्तदाब कोसळणं काचेच्या बशीत दिसत नाही.

दुसरा मार्ग उंदरालाच बदलण्याचा. स्वतःची प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या अंगात माणसाच्या मूळ पेशी वाढवतात, म्हणजे त्याच्या शरीरात माणसाच्या मास्ट पेशी तयार होतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा उंदरांना माणसाचं आयजीई देऊन अ‍ॅनाफिलॅक्सिस घडवला. बीटीके हे आयजीईच्या रिसेप्टरचा इशारा पेशीच्या आत पोचवणारं विकर आहे. ते अडवणारं औषध आधी दिलेले उंदीर बचावले.

मग तीच कल्पना माणसांवर तपासली गेली. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या दहा प्रौढांना अकालाब्रुटिनिब या औषधाच्या चार गोळ्या दिल्या. औषधाआधी त्यांना जेमतेम २९ मिलिग्रॅम (मध्यक) शेंगदाणा-प्रथिन, म्हणजे एका दाण्यातल्या प्रथिनाचा साधारण दहावा हिस्सा, सोसत होतं. औषधानंतर दहापैकी सात जणांनी ४,०४४ मिलिग्रॅम, म्हणजे डझनाहून अधिक दाण्यांतलं प्रथिन, कसलाही त्रास न होता खाल्लं. उरलेल्या तिघांची सहनशक्तीही किमान ३२ पटींनी वाढली. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

अकालाब्रुटिनिब हे मुळात रक्ताच्या कर्करोगाचं औषध. निरोगी माणसाने ते रोज घ्यावं, असं कुणी सुचवत नाही. एखादी शस्त्रक्रिया, नाइलाजाने द्यावं लागणारं प्रतिजैविक किंवा अ‍ॅलर्जी कमी करण्यासाठी मुद्दाम दिली जाणारी प्रथिनाची मात्रा, अशा मोजक्या प्रसंगी ते कामी येईल का, हे पाहिलं जात आहे. याच जातीचं, पण अधिक नेमकं काम करणारं रेमिब्रुटिनिब २०२५ मध्ये अमेरिकेत अंगावर वारंवार उठणाऱ्या पित्तासाठी मंजूर झालं. अँटिहिस्टामिनने ज्यांचं पित्त आटोक्यात येत नाही, अशांसाठीच ते आहे.